दादा, मामा आणि पुढचं चाक

आमच्या घरात त्या साली दोन गोष्टी नव्या आल्या, जिल्हा आणि फटफटी. त्यातली फटफटी जुनी होती. निजामाच्या अमदानीत कुणा इंजिनिअरानं हैदराबादहून आणलेली ती विलायती गाडी एका हातातून दुसऱ्या हातात जात शेवटी औशाच्या एका निवृत्त मास्तरांच्या गोठ्यात कडब्याखाली जाऊन झोपली होती. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिला तिथून उठवून आणलं. आणताना बैलगाडीतून आणली, पण गल्लीच्या तोंडाशी खाली उतरवून घरापर्यंत स्वतः ढकलत आले. गल्लीत पहिला प्रवेश बैलांच्या मागून व्हावा हे त्यांना पटलं नाही.

फटफटी घ्यायला कारण जिल्हाच होता. लातूर वेगळा जिल्हा झाला आणि दादांची उस्मानाबादेहून लातूरला बदली झाली. ते महसुलात कारकून होते. जिल्हा झाला होता, पण जिल्ह्याला बसायला खुर्च्या आल्या नव्हत्या. सुरुवातीला दादा दप्तराच्या गाठोड्यांवर बसून काम करत आणि घरी आल्यावर आईला मोठ्या अभिमानानं सांगत, "आज मी अख्ख्या औसा तालुक्यावर बसलो होतो." जीप एकच, ती साहेबांची. त्यात पावसानं दगा दिलेला. ठिकठिकाणी दुष्काळी कामं निघालेली, आणि त्या कामांवर जाऊन मजुरांच्या हजेऱ्या तपासायचं काम दादांकडे. रेणापूर, चाकूर, औसा, जिथं खडी फुटायची तिथं दादा. सायकलवर जाऊन जाऊन त्यांचे गुडघे बोलायला लागले, तेव्हा ही फटफटी आली.

दोन खोल्यांचं घर होतं आमचं. पुढच्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो, त्याच्या खाली खिळ्याला फटफटीची किल्ली. सकाळ व्हायची ती टँकरच्या भोंग्यानं. भोंगा वाजला की गल्लीभर घागरी, हंडे, डबे यांचा असा खणखणाट उठायचा की झोपलेलं माणूस लढाईच्या मधोमध जागं झाल्यासारखं उठून बसे. पाण्याचा एकेक तांब्या तीनदा राबायचा. तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं पाणी मोरीला. त्या दिवसांत आई भाकरीबरोबर हुलग्याचं माडगं करायची, त्यात लसूण चुरचुरला की भूक आपोआप लागायची. आता माझ्या सुना हुलगे पौष्टिक म्हणून पाकिटात विकत आणतात आणि मला कौतुकानं खायला घालतात. मी त्यात लसूण शोधते.

अशा घरात ग्रीसनं माखलेले हात धुवायला पाणी कोण देणार? दादा फटफटीशी खेळून उठले की आई त्यांच्या हातावर आधी घासलेट शिंपडायची, मग चुलीतली राख चोळायला द्यायची, आणि तरीही त्या हातांना भाकरी शिवू द्यायची नाही. भाकरी कुस्करून, माडगं ओतून ताट पुढं ठेवायची आणि वर चमचा. "कचेरीतले साहेबसुद्धा चमच्यानं जेवत न्हाईत," दादा म्हणायचे. ते तक्रार करत होते की फुशारकी मारत होते, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मी तेव्हा बारावी झाले होते. नांदेडच्या तंत्रनिकेतनात स्थापत्याच्या पदविकेसाठी अर्ज केला होता आणि मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. आमच्या भावकीत पोरीनं इतकं शिकून रस्ते-बंधारे बांधायला जायचं हे नवीन होतं, पण दादा ठाम होते. "रस्त्यावर खडी फोडायला बाया चालतात, तर रस्ता आखायला का चालू नये?" असं ते पाहुण्यांच्या तोंडावर विचारायचे. अडचण वेगळीच होती. नांदेडला राहायचं तर वसतिगृहाला तिथला जवळचा माणूस लागणार होता. आणि नांदेडच्या बाजूला आमचं जवळचं माणूस एकच होतं, ते म्हणजे लिंबाजीमामा. त्यांच्याशी दादांचा अबोला होता.

लिंबाजीमामा आईचे धाकटे भाऊ. धर्माबादला मिरचीच्या अडतीवर मापाडी. पलीकडं तेलंगण, त्यामुळे त्यांच्या मराठीत तेलुगू शब्द असे सहज मिसळलेले असत की त्यांचं त्यांनाही कळायचं नाही. मी लहान असताना दादा सासुरवाडीला जेवायला बसले होते, तेव्हा मामांनी त्यांच्या पानात ओल्या लाल मिरचीचा ठेचा वाढला. "दाजी, तिखट न्हाई, घ्या बिनघोर," म्हणाले. दादांनी भल्या मोठ्या घासाला तो लावला. त्यानंतर जे झालं ते सांगायला आई कधी तयार नसायची, कारण तिला हसू आवरायचं नाही. दादांना उचकी लागली, ती धर्माबादहून आगगाडीत बसेपर्यंत थांबली नाही. सासरच्या मंडळींसमोर डोळ्यांतून पाणी गळतंय, बोलता येत नाही, आणि मामा बाजूला पोट धरून हसून राहिलेले. मामांना खरंच तो ठेचा तिखट वाटत नव्हता. पण दादांनी तो अपमान समजला, आणि तेव्हापासून दोघांमधलं सगळं बोलणं आईमार्फत चालू झालं. एका खोलीत बसूनसुद्धा दादा म्हणायचे, "त्यांना विचार, चहा घेणार का," आणि मामा म्हणायचे, "सांग अक्का, घेतो म्हणून." आई मधे बसून दोन्हीकडं मान वळवायची. या अबोल्यानं सगळ्यात जास्त कुणाचा घसा दुखला असेल, तर तिचा.

आईनं दादांना न विचारता मामांना निरोप धाडला. मुलाखतीच्या आदल्या दिवशी मामा दारात हजर. पोरीला एस.टी.नं मी नेतो, म्हणाले, अर्थात आईला. दादा आईलाच म्हणाले, "सांग त्यांना, माझी पोरगी माझ्या गाडीवर जाईल." मग आईनं तोडगा काढला. दादा आणि मी फटफटीवर, आणि माझी पेटी व कागदपत्रांची पिशवी घेऊन मामा एस.टी.नं. कुणीच हरलं नाही, म्हणून दोघांनीही मान हलवली.

पण फटफटीचं पुढचं चाक काही दिवसांपासून झुलत होतं. शेजारचे गफूरचाचा एस.टी.तून निवृत्त झालेले ड्रायव्हर. त्यांनी पुढच्या चाकाला वर-खाली दोन हात लावून हलवलं, तर चाक खडखड करत डावीकडून उजवीकडं डुललं. "रावसाब, ये पहिया हाय के पालना हाय?" ते म्हणाले. मग त्यांनी समजावलं. चाकाच्या मधल्या दांड्याभोवती दोन्ही बाजूंना बेरिंगं असतात. ती झिजली की ढिली पडतात. आतल्या नटाला जागेवर धरून ठेवणारं कडेचं चेकनट सोडायचं, आतलं नट पान्ह्यानं हळूहळू आवळत जायचं, आणि त्याच वेळी दुसऱ्यानं चाक हलवून बघत राहायचं. चाकाचा डुलण्याचा खेळ संपत आला की थांबायचं. "पूरा नहीं कसना. बाल बराबर खेल छोडना. नहीं तो गरम होके बैठ जाता." एवढं सांगून ते नमाजाला गेले.

दादांना सगळं कळलं होतं. फक्त चाक हलवून बघणारा दुसरा माणूस हवा होता. आई आणि मी टँकरच्या रांगेत. घरात होते ते मामा.

ते दोघं अंगणात काय बोलले, किंवा कसे न बोलता बोलले, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. आम्ही घागरी घेऊन परत आलो तेव्हा काम उरकलं होतं. फटफटी स्टँडवर, पुढच्या अंगाला दगड देऊन चाक अधांतरी उचललेलं. दादा राखेनं हात चोळत होते, मामा ओट्यावर गाल फुगवून बसले होते. दादांनी चाकाला गिरकी दिली. ते जेमतेम फिरलं आणि थांबलं. "नवं ग्रीस हाय, उद्या पळायला लागलं की मोकळं होईल," दादा म्हणाले. मामा आईला म्हणाले, "अक्का, मी काय बोलत न्हाई." आई म्हणाली, "तू कुठं बोलतोस?"

सकाळी निघालो. आईनं धपाटी बांधून दिली होती. मी पदर डोक्यावरून घट्ट बांधून दादांच्या मागं बसले. फटफटीचा आवाज असा होता की गल्लीतल्या कोंबड्यांनी पळायचं सोडून दिलं होतं, त्या आता नुसत्या डोळे मिटायच्या. लातूर मागं पडलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रानं फुफाट्यासारखी पांढरी. चाक आता झुलत नव्हतं, सरळ रेषेत धावत होतं, आणि दादा खूश होते. "बघ," ते मागं वळून ओरडले, "कसं ताठ चाललंय!"

थोड्या वेळानं वास यायला लागला. आधी मला वाटलं धपाटी जास्त भाजली गेली असतील. मग पुढच्या चाकातून धुराची एक बारीक वेणी उठली. गाडी जड झाली, कुणी पुढून धरून ठेवावी तशी. दादा मूठ पिळत राहिले, गाडी गुरगुरत राहिली, आणि चाकूरच्या अलीकडं एका दुष्काळी कामापाशी येऊन ती कण्हत थांबली.

थांबायला तीच जागा मिळावी! पन्नासएक बाया उन्हात खडी फोडत बसल्या होत्या. त्यांनी हातोड्या खाली ठेवल्या आणि एकजात सगळ्या दादांकडं बघायला लागल्या, कारण त्या दादांना चांगलं ओळखत होत्या. जरा उशीर झाला की खाडा मांडणारा कारकून तो हाच. त्यांच्यात गयाबाई म्हणून एक होती, पदर खोचलेली, आवाजानं दगड फुटावा अशी. ती उठून जवळ आली. चाकाकडं बघितलं. दादांकडं बघितलं.

"साहेब, सूर्य कुठवर आला बघा. आत्ता आलात व्हय कामावर? खाडा मांडू का?"

बाया जोरात हसल्या. दादा म्हणाले, "अहो बाई, पोरीची मुलाखत हाय नांदेडला. चाक तापलंय. एक घागर पाणी द्या, ओततो त्याच्यावर."

हसणं एकदम थांबलं. गयाबाई पाण्याच्या पिंपाच्या आणि दादांच्या मधे जाऊन उभी राहिली. "चाकाला? हितं लेकरांच्या तोंडाला मोजून पाणी देऊन राहिलो आम्ही आन तुमचं लोखंड तान्हेलं व्हय? न्हाई मिळायचं. पोरीला पाज म्हणलात तर तांब्याभर देते." आणि तिनं खरंच मला तांब्याभर पाणी दिलं. मी पीत असताना दादा तिकडं बघत होते. त्यांनी घोटभरसुद्धा मागितलं नाही. सगळ्या बायांसमोर ते मधल्या दगडावर बसले, हातातला पान्हा मांडीवर ठेवून. उन्हात तसं बसलेले दादा मी त्याआधी कधी पाहिले नव्हते. मुलाखत दुपारी होती. मला रडू यायला लागलं होतं, पण इतक्या बायांसमोर रडायची सोय नव्हती.

तेवढ्यात एस.टी. आली. खिडकीतून मामांनी आम्हाला पाहिलं. धूर, दगडावर बसलेले दादा, आणि भोवती हातोड्या घेतलेल्या बाया. त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी "थांबवा! थांबवा!" असा ओरडा केला आणि गाडी पुरती थांबायच्या आत खाली उडी मारली. कंडक्टरनं घंटी ओढली. गाडी धूळ उडवत निघून गेली. माझी पेटी टपावर, आणि माझे सगळे कागद मामांच्या सीटवरच्या पिशवीत.

हे मामांच्या आधी माझ्या लक्षात आलं. पण मी तोंड उघडायच्या आत गयाबाईनं कारभार हातात घेतला होता. "हे कोण?" तिनं विचारलं. "मामा," मी म्हटलं. "मग बघत काय उभे? धरा की चाक." चाक निवलं होतं तोवर. पुढं दगड रचून फटफटी उचलली. दादांनी चेकनट सोडलं, आतलं नट थोडं ढिलं केलं. चाक डुलायला लागलं. मामांनी वर-खाली हात लावून धरलं आणि दादा हळूहळू आवळायला लागले. मामा हलवून बघत होते. एकदम म्हणाले, "चालु."

दादांनी आणखी एक आटा दिला.

"चालु!" मामा मोठ्यानं म्हणाले.

दादांनी दातावर दात दाबून आणखी आवळलं.

"अय्यो, चालु, चालु!" मामा ओरडले, आणि दादा जोर लावून आवळतच होते.

आणि मला एकदम आजोळच्या पंगती आठवल्या. आजी पानात भात वाढत राहायची, वाढत राहायची, आणि आम्ही पोरं पानावर हात आडवा धरून ओरडायचो तो हाच शब्द. "दादा, थांबा!" मी म्हटलं. "मामा बास म्हणून राहिलेत. त्यांच्याकडं चालु म्हणजे बास!"

दादांचा हात थांबला. त्यांनी मान वर केली आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा थेट मामांच्या तोंडाकडं बघितलं. "काल अंगणात... तुम्ही बास म्हणत होता?"

"घसा बसला माझा!" मामा म्हणाले. "अडतीवर काटा भरला की अख्खं मार्केट थांबतं या शब्दावर. आन तुम्ही आवळूनच राहिलात. मला वाटलं, दाजींना माझा राग हाय, त्यो नटावर काढून राहिलेत."

"मग बास म्हणायला काय झालं होतं?"

"तुम्ही तरी विचारायचं, का ओरडून राहिला म्हणून!"

"मी कसा विचारणार? आपलं बोलणं न्हाई!"

"ते मला सांगता? ते मला म्हाईत न्हाई व्हय!"

मग ते असे भांडले की काय सांगू. ठेच्यापासून सुरुवात झाली. तो तिखट होता की नव्हता, हसणारं कोण होतं, उचकीला पाणी कुणी आणलं, माझ्या बारशाला कोण उशिरा आलं, सगळं निघालं. आई मधे नव्हती, त्यामुळे एकही शब्द वाटेत मऊ होत नव्हता. बाया हातोड्या मांडीवर ठेवून मन लावून ऐकत होत्या. एक म्हातारी गयाबाईला म्हणाली, "सख्खे हायत, दिसतंय की."

शेवटी मीच ओरडले, "माझे कागद एस.टी.त गेले!"

दोघं एकदम चाकाकडं वळले. मग काम मात्र झटक्यात झालं. दादांनी नट सोडलं, मामांनी चाक धरलं, आणि आता दादा प्रत्येक आट्याला विचारत होते, "आता?" मामा म्हणत, "अजून." "आता?" "अजून थोडं." "आता?" "बास," मामा स्पष्ट मराठीत म्हणाले. चाकाला हाताला जाणवेल न जाणवेल इतकाच खेळ उरला. चेकनट बसवून दादांनी पुन्हा हलवून पाहिलं, कारण ते आवळताना आतलं नट सरकतं. मग गिरकी दिली. चाक आवाज न करता फिरत राहिलं, आणि बाया ते थांबेपर्यंत बघत राहिल्या.

एका फटफटीवर तिघं बसणं कायद्याला धरून नव्हतं. दादा सरकारी माणूस, त्यांना ते माहीत होतं. त्यांनी रस्त्याच्या दोन्ही टोकांना नजर टाकली, आणि म्हणाले, "लिंबाजी, बसा मागं. पोरीला मधे घ्या." निघताना गयाबाईनं हाक मारली, "साहेब, उद्या आम्हाला उशीर झाला तर?" दादा फटफटीला लाथ मारायला लागले. पण नंतर त्या कामावर खाडे कमी पडायला लागले, असं दादांच्याच कचेरीतले लोक सांगत.

ठिकठिकाणी थांबत आलेली एस.टी. अहमदपूरच्या स्टँडावर उभी होती. ड्रायव्हर चहा पीत होता, आणि मामांच्या सीटवर एक आजोबा माझी पिशवी उशाला घेऊन झोपले होते. मामांनी त्यांचं डोकं अलगद उचलून पिशवी काढून घेतली आणि त्याजागी स्वतःचा रुमाल घडी करून ठेवला. पेटी उतरवायला वेळ नव्हता, ती नांदेडला स्टँडवर उतरवून घ्या असं कंडक्टरला सांगितलं, आणि तिघं तसेच पुढं. लोहा गाव येईपर्यंत दोघांचं भांडण संपलं होतं. त्यानंतर ते माझ्या डोक्यावरून नुसत्या गप्पा मारत होते, ओरडून, कारण फटफटीच्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नसे. मिरचीचा भाव, दुष्काळ, अक्काचे गुडघे. इतक्या वर्षांचं साचलेलं होतं. माझ्या कानाला दडे बसले होते, पण मी डोकं खाली घालून त्यांना वाट करून दिली.

मुलाखतीच्या खोलीत मी गेले तेव्हा माझे केस धुळीनं पांढरे झाले होते. समितीतल्या एका सरांनी विचारलं, "लातूरहून आलात? एस.टी.नं?" मी म्हटलं, "कागद तेवढे." त्यांना काही उमगलं नाही, पण त्यांनी खोदून विचारलं नाही. गुण चांगले होते. गणिताचे दोन प्रश्न विचारले, ते आले. मग त्यांनी दादांना आत बोलावलं. दादांच्या मागोमाग मामाही आत आले, न बोलावता, आणि दारापाशी टोपी हातात घेऊन उभे राहिले.

"मुलीला घ्यायला हरकत नाही," सर म्हणाले. "पण मुलींचं वसतिगृह आहे. नांदेड जिल्ह्यात तुमचं जवळचं कोण आहे? दुखलं-खुपलं तर आम्ही कुणाला बोलवायचं?"

दादांनी घरून निघतानाच ठरवलं होतं, नांदेडच्या कचेरीतल्या एका ओळखीच्या कारकुनाचं नाव सांगायचं. ते नाव त्यांनी मला दोनदा ऐकवलंही होतं. मी त्यांच्या हातांकडं बघितलं. नखांच्या कडांत ग्रीस अजून होतं, ते त्यांनी पाठीमागं लपवलं. मग ते बाजूला सरकले, मामांना पुढं यायला जागा करून दिली आणि म्हणाले,

"हे आहेत की. माझे मेहुणे."

मामांनी घाईघाईनं टोपी घातली, पुन्हा काढली. "रोज येतो साहेब," ते म्हणाले. "धर्माबादहून आगगाडीच हाय."

सर हसले. "रोज नको. काम पडलं की या."

"रोज न्हाई तर ऐतवारी," मामा म्हणाले. आणि मी नांदेडात होते तोवर ते दर ऐतवारी आले.